एका क्लिकचे दोन क्लिक : बिघडलेला माउस आणि त्याची घडण

माउस बिघडतो तेव्हा तो सहसा एकदम बंद पडत नाही. चालू राहतो आणि भलतेच वागू लागतो. मजकुराची ओळ निवडताना निवड मधेच सुटते, कोरलड्रॉ या चित्रे मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये एखादे चित्र ओढून नेताना ते वाटेतच गळून पडते, फाइलवर एकदाच बोट दाबले तरी ती उघडते, आणि एक विंडो बंद करायला जावे तर तिच्यामागची दुसरीही बंद होते. परभणीत डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, काम करताना माझ्या टेबलावरच्या माउसने ही लक्षणे दाखवली ती ऐन लग्नसराईत, म्हणजे एकेका पत्रिकेवरची मामा-मावश्यांची नावे छपाईला जाईपर्यंत बदलत राहतात त्या दिवसांत. काम अडू नये म्हणून दुसरा माउस जोडला; जुना मात्र सवड मिळेपर्यंत खणात ठेवला आणि पुढे सवडीने उघडला.

तो उघडल्यावर, आणि नंतर ओळखीच्या लोकांचे इतर काही माउस उघडल्यावर, माझे एक मत पक्के झाले. माउसमधला बिघाड शोधणे आणि त्याच्या घडणीची पारख करणे ही दोन वेगळी कामे नाहीत. कोणता भाग आधी गेला आणि का गेला, हे समजले की बनवणाऱ्याने पैसा कुठे वाचवला हेही समजते. आणि खोक्यावर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा ही माहिती पुढची खरेदी करताना कितीतरी अधिक उपयोगी पडते.

आमच्या भागात विजेवर चालणारे काहीही बिघडले की पहिला संशय लाइटीवर जातो, आणि भारनियमन व दाबातले चढउतार यांचा अनुभव गाठीशी असल्यावर तो संशय अगदीच अवाजवी म्हणता येत नाही. माउसच्या बाबतीत मात्र तो बहुधा लागू पडत नाही. माउसला वीज मिळते ती यूएसबीच्या पाच व्होल्टच्या तारेतून, आणि ते पाच व्होल्ट संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून बऱ्यापैकी स्थिर होऊन आलेले असतात. बाहेरचा दाब माउसवर परिणाम होण्याइतका कोसळला, तर त्याआधी संगणकच बंद पडतो. अर्थिंग नसलेल्या घरात लॅपटॉप चार्जिंगला लावला की टचपॅडवर बोट ठेवताच बाण थरथरतो, हा अनुभव खरा आहे, परंतु तो टचपॅडचा आहे, कारण टचपॅड बोटामुळे बदलणारी विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजत असतो. माउसच्या बटणाला तसले काही मोजायचे नसते.

खरा पहिला प्रश्न असा, की दोष माउसमध्ये आहे की संगणकात. तोच माउस दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिला आणि तिथेही तो तसाच वागला, तर संगणक सुटला. दुसरा संगणक जवळ नसेल, तर निदान पोर्ट बदलून पाहावा. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या एका लांब तारेवर असतात आणि रोजच्या काढघालीने सैल झालेले असतात, म्हणून माउस नेहमी मागच्या पोर्टला जोडून तपासावा. काही वेळ हात न लावल्यावर माउस झोपी जात असेल आणि हलवल्यावर उशिरा जागा होत असेल, तर विंडोज यूएसबीच्या पोर्टची वीज वाचवत असण्याची शक्यता असते. ती सोय डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन बंद करता येते. बिनतारी माउसचे आणखी एक दुखणे आहे. तो २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो आणि यूएसबी ३.०ची उपकरणे व केबली नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२ मध्ये एका तांत्रिक टिपणात मोजमापांसह दाखवले होते. निळ्या, म्हणजे यूएसबी ३.०च्या, पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असताना बाण अडखळत असेल, तर माउसला दोष देण्याआधी त्याचा रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शन केबलने थोडा दूर नेऊन पाहावा.

एका दाबात दोन क्लिक होण्याच्या आजारासाठी एक सोपी आणि फुकटची परीक्षा आहे, आणि ती फारशी कोणी करत नाही याचे मला आश्चर्य वाटते. डावखुऱ्या लोकांसाठी विंडोजमध्ये मुख्य बटण उजवे करण्याची सोय असते. ती निवडावी आणि थोडा वेळ उजव्या बटणाने काम करावे. आजार नाहीसा झाला, तर दोष डाव्या बटणाच्या स्विचमध्ये आहे हे जवळजवळ सिद्ध होते. कारण विंडोज तेच, ड्रायव्हर तोच, केबलही तीच, बदलला तो फक्त स्विच. माझ्या माउसचा निकाल याच परीक्षेत लागला. अधिक खात्री हवी असेल तर दोन क्लिकांमधला काळ मोजणारी साधी चाचणी ब्राउझरमध्ये करता येते. सेकंदाला दहा क्लिक हेही माणसाच्या बोटाला फार झाले, म्हणजे दोन क्लिकांत निदान शंभर मिलिसेकंदांचे अंतर पडायला हवे. तिथे जर दहा-वीस मिलिसेकंदांच्या अंतराने दुसरा क्लिक नोंदला जात असेल, तर तो बोटाचा नाही.

या टप्प्यावर पुष्कळ लोक कंट्रोल पॅनेलमधली डबल-क्लिकच्या वेगाची पट्टी सरकवून पाहतात. ती पट्टी काय करते हे समजून घेतले, तर हा उपाय वाया का जातो तेही समजते. विंडोज मुळात पाचशे मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन क्लिक मिळून एक डबल-क्लिक धरते, आणि पट्टी अगदी टोकाला नेली तरी ही मर्यादा दोनशे मिलिसेकंदांपर्यंतच खाली येते. खराब स्विचचा आगंतुक क्लिक त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. शिवाय ओढत नेलेले चित्र मधेच सुटते, ते डबल-क्लिकमुळे नव्हे. बटण दाबलेले असतानाच स्विच क्षणभर तुटल्यामुळे सुटते, आणि त्याचा त्या पट्टीशी काहीही संबंध नसतो.

मग उघडण्याला पर्याय राहत नाही. इथे घडणीची पहिली परीक्षा होते, ती स्क्रूंची. चांगल्या माउसचे स्क्रू एकतर उघड दिसतात किंवा तळाच्या घसरपट्ट्यांखाली, म्हणजे माउस टेबलावर ज्यांवर सरकतो त्या गुळगुळीत पट्ट्यांखाली, असतात, आणि त्या पट्ट्या वेगळ्या विकत मिळतात. माझ्या माउसला एकच स्क्रू होता, तोही मॉडेल क्रमांकाच्या लेबलाखाली. पुढची सगळी बाजू प्लास्टिकच्या खिट्ट्यांवर तोललेली. लेबलाच्या मधोमध बोट फिरवले की जिथे ते खचते तिथे स्क्रू असतो. खिट्ट्या सोडवताना स्क्रूड्रायव्हरपेक्षा मुदत संपलेले एटीएम कार्ड बरे, कारण त्याने कडा कुरतडल्या जात नाहीत. आतला सर्किटचा पत्रा (पीसीबी) पाहताना हिरव्या रंगावर जाऊ नये, कारण रंग वरच्या लेपाचा असतो. पत्र्याची कड पाहावी. कागद आणि राळ यांपासून केलेल्या स्वस्त पत्र्याची कड तपकिरी आणि भुसभुशीत दिसते, काचतंतूंच्या पत्र्याची कड फिकट आणि टणक असते. पहिल्या प्रकारात तांब्याच्या वाटा बहुधा एकाच बाजूला असतात आणि थोडी उष्णता जास्त झाली की त्या उचलल्या जातात. दुरुस्ती करायची झाली तर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

बटणाखालचा मायक्रोस्विच ही माउसमधली सर्वांत राबणारी वस्तू आहे. बहुतेक माउसमध्ये त्याचे माप सारखेच असते, लांबी १२.८ मिलिमीटर आणि रुंदी ५.८ मिलिमीटर, म्हणूनच एका कंपनीच्या जागी दुसऱ्या कंपनीचा स्विच सहसा बसतो. जपानच्या ओमरॉनचे आणि चीनच्या हुआनो, कैल्ह व टीटीसी या कंपन्यांचे स्विच सर्रास दिसतात, आणि अगदी स्वस्त माउसमध्ये नाव नसलेलेही. आत तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी असते आणि तिच्यातलीच एक जीभ कमानीसारखी वाकवून अडकवलेली असते. वरची खुंटी ठरावीक मर्यादेपलीकडे दाबली गेली, की ही पट्टी एका झटक्यात दुसऱ्या बाजूला उडी मारते. बोट हळू दाबा वा जोरात, उडीचा वेग पट्टीच्या ताणातूनच येतो, आणि आपल्याला ऐकू येणारा टिक् हा आवाज त्या उडीचाच असतो.

धातूवर धातू आपटला की तो काही वेळा उसळतो आणि मग स्थिरावतो. नवा स्विचही असा उसळतो. त्यामुळे माउसमधली नियंत्रक चिप पहिला संपर्क झाल्यावर काही मिलिसेकंद पुढच्या बदलांकडे मुद्दाम दुर्लक्ष करते. जोवर उसळणे या अवधीत संपते, तोवर सारे ठीक चालते. वापराने कमानीचा ताण सैलावतो, संपर्काच्या टोकांवर झीज आणि ऑक्साइडचा थर जमतो, आणि माउसमधला प्रवाह इतका किरकोळ असतो की तो थर जाळून टाकण्याची ताकद त्याच्यात नसते. मग उसळी लांबते, चिपने राखून ठेवलेल्या अवधीच्या बाहेर जाते, आणि एका दाबाचे दोन क्लिक होतात.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. खेळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या माउसमध्ये प्रतिसाद झटपट मिळावा यासाठी हा दुर्लक्षाचा अवधी कमी ठेवण्याकडे कल असतो, आणि म्हणून तितकाच झिजलेला स्विच साध्या माउसमध्ये खपून जातो, पण महाग माउसमध्ये उघडा पडतो. पैसे जास्त मोजले म्हणजे हा आजार टळला असे नाही. तो खरोखर टाळणाऱ्या रचना दोन आहेत. मायक्रोस्विचला तीन पाय असतात, त्यांतले दोनच बहुतेक माउस वापरतात; तिन्ही वापरले, तर पट्टी एका बाजूकडून निघून दुसऱ्या बाजूला पोहोचल्याशिवाय क्लिक धरायचाच नाही असे सर्किट करता येते, आणि मग मधल्या उसळण्याला किंमत राहत नाही. दुसरी रचना प्रकाशाच्या किरणाची. बटण दाबल्यावर किरण अडतो वा सुटतो, धातूचा संपर्क होतच नाही. सामान्य किमतीच्या माउसमध्ये मात्र या दोन्ही रचना क्वचितच सापडतात.

खोक्यावर एक कोटी, दोन कोटी, पाच कोटी क्लिकांचे आयुष्य लिहिलेले असते. रोज पाच हजार क्लिक आणि वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले, तर वर्षाला पंधरा लाख क्लिक होतात; या हिशेबाने एक कोटीचा स्विच सहा वर्षांहून अधिक टिकायला हवा. डीटीपीच्या दुकानांत तो त्याच्या कितीतरी आधी कुरकुरू लागलेला मी पाहिला आहे. आकडा खोटाच असतो असे मी म्हणत नाही; तो एका स्वच्छ चाचणीतला असतो, यंत्राच्या एकसारख्या दाबाखालचा, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे असतो, दारातून धूळ येते आणि खिडकीतून कूलरची दमट हवा. त्यामुळे पाच कोटींचा स्विच एक कोटीच्या पाचपट टिकेल, या भरवशावर कोणी पैसे मोजू नयेत.

स्विच बदलण्यासाठी मी स्टेशन रोडवरच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने माउस उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, “सर, नवा घ्या की, एवढ्यासाठी कशाला उघडायलात?” त्याचे म्हणणे हिशेबाने बरोबर होते, कारण त्याच्या मजुरीत आणि नव्या साध्या माउसच्या किमतीत फारसे अंतर नव्हते. तरीही त्याने काम हाती घेतले, कारण खणात पडलेल्या एका मेलेल्या माउसमधून चालू स्विच मिळतो हे त्याला ठाऊक होते. उजव्या बटणाचा स्विच डाव्याच्या मानाने फारच कमी वापरला जातो, म्हणून जुन्या माउसमधला उजवा स्विच हा बऱ्याचदा नव्यासारखाच असतो. त्याने आधी तिन्ही पायांवर नेहमीचे शिसेमिश्रित सोल्डर चढवले. हे पाहायला उलटे वाटते, काढायचे आहे ते आणखी लावायचे, पण शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळते आणि शिसेमिश्रित १८३ अंशांना. दोन्ही मिसळले की कमी उष्णतेत काम होते आणि पत्र्यावरची तांब्याची वाट उचलली जात नाही. मग पंपाने सोल्डर ओढून घेतले, स्विच अलगद निघाला, आणि दुसरा बसवताना त्याची खुंटी योग्य बाजूला आहे ना हे त्याने मला दोनदा बघायला लावले. उलटा बसलेला स्विच बटणाच्या टोकाखाली येत नाही आणि सगळे पुन्हा काढावे लागते.

स्विचचे झाकण उघडून आतली पट्टी पुन्हा वाकवून बसवण्याची एक युक्ती सांगितली जाते. ती चालते, परंतु ती कमान चिमट्याने परत जागेवर अडकवणे हे इतके चिकाटीचे काम आहे, की चालू स्विच हाताशी असताना मी तिची शिफारस करणार नाही. संपर्काची टोके साफ करणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंबही काही काळ गुण देतो. तो तात्पुरता असतो.

बटण ढिले वाटते म्हणून प्रत्येक वेळी स्विचच गेलेला असतो असेही नाही. वरच्या प्लास्टिकच्या बटणाला आतून एक छोटी दांडी असते आणि ती स्विचच्या खुंटीवर दाब देते. हलक्या प्लास्टिकमध्ये त्या दांडीला हळूहळू खळगा पडतो, मग बटण थोडे रिकामे दाबले जाते आणि नंतर क्लिक होते. त्या खळग्यावर पातळ चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की बटण पूर्ववत होते. बटणे आणि पाठ एकाच अखंड प्लास्टिकच्या तुकड्याची असतील तर बटणाचा वाकण्याचा भाग लांब होतो, आणि मागे दाबले तर एक जोर, पुढे दाबले तर दुसरा, असा अनुभव येतो. वेगळी जोडलेली बटणे याहून चांगली. ही गोष्ट दुकानात उभ्या उभ्या कळते, फक्त बटण तीन जागी दाबून पाहावे लागते.

चाकाचा आजार वेगळा. पान खाली नेताना मधेच वर उडी मारत असेल, तर चाक किती आणि कोणत्या दिशेने फिरले ते मोजणाऱ्या, त्याच्या टोकाशी असलेल्या एन्कोडरमध्ये धूळ किंवा झीज आहे असे समजावे. जुन्या पद्धतीच्या चाकाला खाचा असतात आणि त्यांतून अवरक्त किरण जातो. तिथे अडकलेला केस काढला की काम होते. आता बहुतेक ठिकाणी धातूच्या टोकांचा यांत्रिक एन्कोडर असतो, त्याच्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून चाक फिरवत राहिल्याने पुष्कळदा गुण येतो. नवा घ्यायचा असेल तर जुन्याची उंची मोजून घ्यावी. सात, नऊ, अकरा मिलिमीटर अशी ती वेगवेगळी असते, आणि चुकीच्या उंचीचा एन्कोडर बसला तरी चाक वाकडे राहते.

केबल बहुधा माउसच्या तोंडाशीच तुटते, जिथे ती दिवसभर त्याच जागी वाकते. संगणकातून जोडणी सुटल्याचा आणि लागल्याचा आवाज वारंवार येत असेल तर केबल त्या जागी हलवून पाहावी. आत चार तारा असतात, लाल पाच व्होल्टची, काळी परतीची, पांढरी आणि हिरवी माहितीची. मल्टीमीटर असेल तर एकेक तपासून नेमकी कोणती तुटली ते कळते. तुटलेला भाग कापून उरलेली केबल पुन्हा डाख देऊन जोडता येते, फक्त लांबी कमी होते. तोंडाशी लवचीक रबरी नळी असलेला माउस घ्यावा, आणि ती नळी कडक प्लास्टिकची नसावी. आमच्याकडे आडतीच्या दुकानांत उंदीर केबल कुरतडतात, त्याला मात्र कोणत्याही कंपनीच्या घडणीत उत्तर नाही.

बाण उड्या मारतो किंवा हलतच नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचे टेबल मी आधी विचारतो. सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत टेबलावर काच असते आणि काचेखाली सुट्ट्यांची यादी, फोन नंबर, देवाचे चित्र असे सारे ठेवलेले असते. ऑप्टिकल माउस तळाच्या दिव्याचा प्रकाश पृष्ठभागावर टाकून सेकंदाला हजारो छोटी चित्रे घेतो आणि लागोपाठच्या चित्रांची तुलना करून हालचाल ओळखतो. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेला इंटेलिमाउस एक्सप्लोररही सेकंदाला दीड हजार चित्रे घेत असे. काचेचा पृष्ठभाग त्याला दिसतच नाही, आणि काचेखालचा कागद त्याच्या भिंगाच्या टप्प्याबाहेर असतो. चकचकीत पॉलिश केलेल्या कडप्प्यावरही काही माउसची अशीच तारांबळ उडते. यावर माझ्याकडे कायम असलेला उपाय म्हणजे शिल्लक राहिलेली लग्नपत्रिका. तिच्या मागची कोरी, चमक नसलेली बाजू वर करून ठेवली की माउस निमूट चालतो. त्याआधी तळाच्या भिंगाच्या खाचेत फुंकर मारून केस निघतो का ते बघावे. या शतकाच्या सुरुवातीला तालुक्या-तालुक्यांत निघालेल्या एमएस-सीआयटीच्या केंद्रांत माउसमध्ये गोळा असे, आणि आतल्या रुळांवर साचलेला काळा मळ नखाने खरवडणे हा तासिकेचाच भाग होता. त्या मानाने आताची स्वच्छता फार सोपी झाली आहे. माउसची कल्पना काढणारे अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास झालेल्या पहिल्या लाकडी माउसमध्ये तर गोळाही नव्हता, एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके होती.

डीपीआयच्या आकड्यांवर मी फारसा वेळ घालवत नाही. माउस एक इंच सरकला की बाण किती ठिपके सरकतो, इतकाच त्याचा अर्थ आहे, आणि कार्यालयीन कामाला हजार ते सोळाशे भरपूर होतात. स्वस्त माउसवरचे मोठे आकडे पुष्कळदा सेन्सरच्या मोजण्यातून येत नाहीत, मोजलेल्या आकड्याला गुणून काढलेले असतात. त्याने बाण वेगात पळतो, अचूकता मात्र वाढत नाही.

वजनही असेच फसवे असते. हातात जड लागणारा माउस भक्कम वाटतो, परंतु काही माउसच्या पोटात निव्वळ वजनासाठी लोखंडाचा तुकडा बसवलेला मी स्वतः पाहिला आहे. त्यापेक्षा दोन्ही कुशी अंगठा व करंगळीने दाबून करकर होते का ते ऐकावे आणि हलवून आत काही खुळखुळते का ते पाहावे. तळाच्या घसरपट्ट्या टेफ्लॉनच्या असतील तर त्या जास्त टिकतात आणि कमी आवाज करतात. सर्वांत सावध राहावे ते मखमली रबरी लेपापासून. दुकानात तो हाताला छान लागतो. उष्णता, दमटपणा आणि घाम यांनी काही उन्हाळ्यांत तो विरघळल्यासारखा चिकट होतो, त्यावर धूळ बसते, आणि मग तो स्पिरिटने घासून काढण्यावाचून इलाज नसतो. साधे खरबरीत एबीएस प्लास्टिक दिसायला गरीब, पण ते चिकट होत नाही. फार तर अंगठ्याखाली गुळगुळीत होऊन चमकू लागते.

खरेदीच्या वेळी मी दुकानदाराला एक प्रश्न आवर्जून विचारतो, की वॉरंटीत माउस इथेच बदलून मिळेल, की तो छत्रपती संभाजीनगरला पाठवावा लागेल. तीन वर्षांची वॉरंटी खोक्यावर असते, परंतु परभणी किंवा हिंगोलीच्या गिऱ्हाइकाला कुरिअरचा खर्च आणि मधले रिकामे दिवस स्वतःच्या खिशातून द्यावे लागणार असतील, तर दुकानातच बदलून मिळणाऱ्या एका वर्षाच्या वॉरंटीचे मोल अधिक असते. बिल उष्णतेवर छापल्या जाणाऱ्या गुळगुळीत कागदाचे असेल तर त्याचा फोटो त्याच दिवशी काढावा, आणि त्यात तळाच्या लेबलावरचा अनुक्रमांकही येऊ द्यावा. तसले बिल आमच्या एका उन्हाळ्यात कोरे होते आणि लेबल हाताच्या घासण्याने पुसले जाते.